नैवाशाचा उमललेला गुलाब

नानजालाचं अर्धं आयुष्य केनियातल्या नैवाशा तळ्याकाठी, गुलाबांच्या पॉलीहाऊसमध्ये गेलं. तिला तिथे नावाने कुणी हाक मारत नसे. थोरल्या मुलावरून ती सगळ्यांसाठी वेकेसाची आई. कळी मिटलेली असतानाच तोडायची, हा या धंद्याचा नियम. फूल उमलायचं ते विमानाने परदेशी गेल्यावर, कुणाच्या तरी दिवाणखान्यात. झाडावर अर्धवट उमललेलं फूल जरी सापडलं, तरी तोडणारीची खैर नसे.

मग ती साथ आली. दूरदेशीच्या लोकांनी दारं लावून घेतली, विमानं थांबली आणि इथल्या चुली विझायला लागल्या. पण झाडं थोडीच थांबतात? कळ्या येतच होत्या. त्या तोडून खड्ड्यात टाकायला मोजक्या बायका ठेवल्या होत्या. आता त्यांतूनही एकीलाच ठेवणार, आणि ती कोण, हे मुकादम मुतिसो शनिवारच्या फेरीत ठरवणार होता. नानजालाच्या घरात कमावणारी ती एकटीच.

नेमकं शनिवारी सकाळी तिला पानाआड राहून गेलेलं एक फूल दिसलं. पूर्ण उमललेलं. तिने घाईघाईने कात्री लावली आणि हात तिथेच थांबला. बाहेरून फिकट, आत पिकल्या पपईच्या रंगाचं, चांगलं ताटलीएवढं फूल. पाकळीआड पाकळी, संपता संपेना. तिच्या हातून गेलेल्या कळ्यांना गणती नव्हती, पण त्यांच्या पोटात हे असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. पोरं आठवली, तरी कात्री मिटेना.

तेवढ्यात मुतिसो आला. एरवी पान वाकडं दिसलं तरी सात पिढ्यांचा उद्धार करणारा माणूस, पण तोही फुलाकडे बघतच राहिला. त्याने टोपी काढली.

"आपण पाठवतो ते हेच का?" त्याने विचारलं.

"हेच."

त्याने टोपी परत डोक्यावर ठेवली. मग तो हळूच म्हणाला, "वेकेसाच्या आई, नियम तुम्हाला माहीत आहे. साहेबांना मी काय सांगू? सोमवारपासून येऊ नका." इकडेतिकडे बघत म्हणाला, "हे घरी न्या हवं तर. फाटकावर कुणी पिशवी बघणार नाही."

नानजालाने कात्री त्याच्या हातात दिली.

"राहू द्या झाडावरच," ती म्हणाली. "आत्ताच तर उमललंय."