बलबीरसिंगांचे केस

थंडीतल्या रविवारी आमच्या इमारतीच्या गच्चीवर मोहरीच्या तेलाचा वास दरवळायचा. सिल्वासाच्या हवेत एरवी सगळेच वास एकमेकांत मिसळलेले असतात. गलोंड्याकडच्या कारखान्यांचा धूर, शेजारपाजारची फोडणी, वारा फिरला तर दमणगंगेवरून येणारा ओलसर गारवा. तो वास मात्र नेमका ओळखू यायचा, आधी उग्र आणि मग कोवळ्या उन्हात हळूहळू निवत जाणारा. माझे शेजारी बलबीरसिंग न्हाऊन, उन्हाकडे पाठ करून वेताच्या मोड्यावर बसलेले असत, आणि त्यांचे पांढरेशुभ्र केस कमरेपर्यंत मोकळे सोडलेले असत. एरवी पगडीत पाहिलेल्या माणसाला तसं पाहणं म्हणजे कुणाच्या देवघरात न विचारता डोकावणं, असं वाटून मी ओले कपडे कसेबसे दोरीवर टाकून खाली पळायची. "मास्टरनीजी, डर गई क्या?" ते मागून हसत विचारायचे.

मास्टरनी म्हणजे मी. मूळची गुहागरकडची, आणि आता वीस वर्षं इथल्या सरकारी शाळेत इतिहास शिकवते. शीख धर्माच्या उदयाचा आमचा धडा जेमतेम दीड पानाचा. पंधराव्या शतकातला पंजाब. ईश्वर एक आणि निराकार. माणूस सगळा सारखा. नाम घ्यावं, कष्टाचं खावं, वाटून खावं. पुढे दहाव्या गुरूंनी भरल्या सभेत शीर मागितलं, वेगवेगळ्या जातींचे पाच जण एकामागून एक उठले, आणि त्यांच्यातून खालसा उभा राहिला. मग पाच खुणा: केस, कंगवा, कडं, कृपाण, कच्छ. खुणेला एक गुण. चार लिहून पाचवी विसरलेल्या पोरांना मी आजवर कधी दया दाखवलेली नाही.

हा धडा मी एकदा बलबीरसिंगांना मोठ्या ऐटीत वाचून दाखवला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बस? इतना ही?" मग त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मनजीतभाभींनी मला गुरुद्वारात नेलं. तिथे माझ्या एका बाजूला खानवेलहून रोजंदारीला येणारा मजूर मांडी घालून बसला होता, दुसऱ्या बाजूला आमच्याच शिक्षण खात्याच्या कचेरीतले एक मोठे साहेब, आणि वाढायला उभी असलेली बाई दोघांच्या पसरलेल्या ओंजळीत सारखीच पोळी ठेवत होती. खोटं कशाला बोलू, त्या मजुराचा मळका गुडघा माझ्या साडीला लागला तेव्हा मी अंग चोरलं होतं. इतकी वर्षं फळ्यावर 'समता' लिहिणाऱ्या बाईची ही गत! परत येताना बलबीरसिंग सांगत होते, की रोजच्या अरदाशीत, म्हणजे प्रार्थनेत, त्यांच्याकडे जुन्या माणसांची आठवण काढतात. ज्यांनी कवटीवरची कातडी सोलू दिली, पण श्वास असेपर्यंत केसांना हात लावू दिला नाही, त्यांची. मी तेव्हा 'हो का' म्हणाले होते आणि कोपऱ्यावर भाजी घ्यायला थांबले होते.

मागच्या मंगळवारी ते सगळं माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. त्याआधी पंधरा दिवस बलबीरसिंग जिन्यात घसरले होते, "कुछ नहीं हुआ" म्हणून झटकून मोकळे झाले होते. भाभी मंगळवारी पहाटेच वापीहून गाडी पकडून बहिणीकडे लुधियान्याला निघाल्या. या दोघांना मूलबाळ नाही. त्याच सकाळी मी शाळेला निघताना त्यांच्या दारातून कप फुटल्याचा आवाज आला. आत पाहते तो बलबीरसिंग खुर्चीत एका अंगावर कललेले, जीभ जड, डोळे माझ्यावर आणि ओळख मात्र कुठेच नाही. रुग्णालयात पोहोचेपर्यंत तर ते हाकेलाही ओ देईनासे झाले.

डॉक्टर तरुण होते, बोलायला नेमके. डोक्यात दोन्ही बाजूंना रक्त साचलंय, तासाभरात काढायला हवं, डोकं पूर्ण भादरावं लागेल. तुम्ही कोण? शेजारीण, मी म्हणाले. मग तुम्हीच सही करा. भाभींचा फोन लागेना. गाडी कुठल्या रानातून चालली होती देव जाणे. मी सात वेळा लावला, आठव्यांदा लावला, आणि तोच तो निर्विकार आवाज ऐकून फोन आपटावासा वाटला. जेवढे लागतील तेवढेच केस काढता येणार नाहीत का, असं मी विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, बाई, दोन्हीकडे आहे हो.

भीती म्हणजे काय ते मला त्या कागदापाशी कळलं. दहाव्या गुरूंपुढे उठलेल्या त्या पाचांनी आपलं शीर द्यायची तयारी दाखवली होती, आपलं स्वतःचं. आणि मी इथे शीर वाचवण्यासाठी केस द्यायला निघाले होते, तेही दुसऱ्याचे. शुद्धीत असते तर काय म्हणाले असते? 'करा' म्हणाले असते, की मान हलवून नुसते हसले असते? ज्या माणसाच्या धर्मात कष्ट आणि वाटून खाणं हीच पूजा, त्याला जिवाची किंमत कळत नसेल का? पण मग ती अरदास? ती काय उगीच रोज म्हणतात? मला माझ्या दीड पानांचा राग आला. त्यात एवढंही कुठे लिहिलेलं नव्हतं. मी सही केली आणि नात्यापुढे 'शेजारीण' असं लिहिलं.

परिचारिकेने त्यांचं कडं, लहानशी कृपाण आणि लाकडी कंगवा रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. शस्त्रक्रियेची तयारी चालू होती. मी म्हटलं, मला दोन मिनिटं द्या. का म्हटलं ते माझं मला ठाऊक नाही. पगडी आधीच उतरवली होती. मी अंबाडा सोडला, आणि गच्चीवरचा तो मोहरीच्या तेलाचा वास त्या औषधी हवेत एकदम पसरला. ज्या केसांकडे पाहायला मी लाजत होते, ते माझ्या दोन्ही हातांत होते, मऊ, जड, उन्हात वाळलेल्या सुतासारखे. त्यांच्याच कंगव्याने मी ते विंचरले आणि लेकीची शाळेची वेणी घालत असे तशी तीन पेडांची वेणी घातली, घट्ट, म्हणजे एक केससुद्धा जमिनीवर पडू नये. मग कात्री आली. मी तोंड फिरवलं नाही. वेणी माझ्या ओढणीत घेतली आणि बाहेर येऊन बाकावर बसले तेव्हा मला हुंदका आवरेना.

डोकं वाचलं. संध्याकाळी रतलामच्या आसपास भाभींचा फोन लागला आणि मी त्यांना सगळं सांगितलं. पडणं, रक्त, डॉक्टर, यश. केसांचं मात्र काही केल्या तोंडातून निघेना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या, काचेतून बराच वेळ पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेल्या डोक्याकडे पाहत राहिल्या. त्या ओरडतील, रडतील, निदान का म्हणून विचारतील, याची मी रात्रभर उजळणी केली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "कहाँ रखे हैं?"

घरी येऊन मी कपाटातून ओढणी काढून दिली. त्यांनी ती मांडीवर उलगडली, वेणीवरून शेवटापर्यंत बोट फिरवलं. "तूने गूँथी?" मी मान हलवली. त्यांनी ती वेणी कपाळाला लावली आणि ओढणी पुन्हा नीट बांधली. मग डोळे पुसून, मला जणू बाजारातून काही आणायला सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाल्या, "सही तूने की है. उनको भी तू ही बताना. मुझसे नहीं होगा."

तेव्हापासून मी मनात वाक्यं जुळवते आहे. धडा शिकवायला उभी राहिले की शब्द कसे धावत येतात! आता एकही पुढे यायला तयार नाही.

आज सकाळी त्यांनी डोळे उघडले. खिडकीतून पडलेलं हिवाळी ऊन त्यांच्या चादरीवर होतं, भाभी उशाशी, मी पायाशी. त्यांचा उजवा हात सावकाश वर आला आणि डोक्याकडे निघाला. बोटं पट्टीवर टेकली, कापडावरून कपाळापर्यंत आली, कानामागे गेली. तिथे पट्टीचं एक टोक सुटून लोंबत होतं. ते त्यांनी चाचपलं, आणि रोज सकाळी पगडीचं शेवटचं टोक खोचतात तसं, दोन बोटांनी, सवयीने आत खोचून दिलं. मग समाधानाने हात खाली ठेवला.

"मास्टरनीजी," ते म्हणाले, आवाज अगदी क्षीण, "आज स्कूल नहीं?"

"सुट्टी आहे," मी म्हणाले.

भाभी माझ्याकडे बघत होत्या. पट्टी परवा सुटणार आहे.