जित्या मानसाचा पुतळा

आमच्या सासूबाई बायडाबाई लई संशयी. मी त्यांना आत्याबाई म्हनते. दूध नासलं तर आधी माझ्याकडं बघनार, मग मांजराकडं. मेंढरांमागं जल्म गेला, त्यामुळं झुडूप हाललं की लांडगाच, हीच समज.

सासरे, मुंजाजीआण्णा, मेंढपाळ भाऊबंद मंडळाचे म्होरके. कुनाची मेंढरं पिकात शिरली, कुनी ती कोंडून घातली, की आण्णांना बोलावनं यायचं. मंडळाची रीतच हाय, ज्याच्या हातात काठी त्यानं निवाडा द्यायचा. ती काठी कैक वर्सं आण्णांकडं. मंडळानं ठरवलं, आण्णांचा ब्राँझचा पुतळा युसूफ वडगावच्या चौकात बसवायचा.

आत्याबाई भडकल्या. "जित्या मानसाचा पुतळा कावून? हार घालायची लई घाई झाली का रं?"

मंडळाचा चिटणीस अंगद हसला. "काकू, गौरव हाय आण्णांचा."

"बोकडाला बी आधी हळदकुंकूच लावत्यात!"

मग अंगद काठी मागायला आला. मूर्तिकाराला नमुना पायजे म्हने. आत्याबाई दारात आडव्या झाल्या, पन आण्णांनी मुकाट्यानं काठी काढून दिली.

पुतळा आला. काठी काही आली न्हाई. बाजारात गाठ पडली की अंगद म्हनायचा, "गाडीतच ऱ्हायली बघा, काकू." भांडनवाले आमच्या दारावरनं सरळ अंगदच्या घरी जायला लागले. आत्याबाई चुलीपाशी माझ्या कानाला लागायच्या, "तुज्या सासऱ्याला उठवायचा डाव हाय ह्यो." खरं सांगते, मला बी पटलं. अंगद आला तवा मी त्याच्या चहात साखरच टाकली न्हाई.

उद्घाटनाला सगळा भाऊबंद गोळा झाला. कापड सरकलं, ब्राँझचे आण्णा उन्हात चकाकले. अन् खाली अंगद भाषनाला उभा, हातात आण्णांची खरी काठी!

आत्याबाईंनी आव बघितला न्हाई, ताव बघितला न्हाई. मानसं सारत पुढं गेल्या अन् काठीला हात घातला. "चोरा! मेला न्हाई अजून माजा नवरा!"

अंगदचं तोंड उतरलं. त्यानं काठी सोडली अन् आण्णांकडं बघितलं. आण्णा सावकाश उठले.

"बायडे, त्यानं चोरली न्हाई. म्याच दिली."

"तुमी? कावून?"

"दमलो गं. काठी ठिवतो म्हनलं की समदे पाय धरत्यात. म्हनून म्याच म्हनलं, माजा पुतळा बसवा अन् मला सोडा."

आत्याबाईंचा आवाज चिरकला. "सगळ्या जगाला ठावं. मला कावून न्हाई सांगितलं?"

आण्णांनी मान खाली घातली. "त्यांची समजूत पुतळ्यानं पटली. तुजी कशानं पटवू? आण्णाची बायको म्हनून बाजारात वाट मिळती तुला. तू सोडू दिलं नसतंस मला."

एवढी तोंडाळ बाई, पन त्या दिवशी माजा जीव तुटला त्यांच्यासाठी. अंगदनं हळूच हात पुढं केला, "द्या, काकू." आत्याबाईंची मूठ काही सुटेना.