प्रोसिडिंगात न बसणारा शब्द

खरं तर हे कुणाला सांगणार नाही, असं मी सेक्रेटरीकाकांना कबूल केलं होतं. त्यांचा हात थरथरतो आणि माझं अक्षर चांगलं, म्हणून दुष्काळात सोसायटीनं उघडलेल्या चारा छावणीच्या मीटिंगांचं प्रोसिडिंग मी लिहिते. लिहायचं कमी, गाळायचंच जास्त! मग गाळलेलं कुठेतरी साठणारच ना?

*

आमची वस्ती गावाबाहेरची, म्हणून छावणीतही आमची जनावरं शेवटच्या दावणीला. हौदसुद्धा वेगळा. टँकर आधी पुढचा हौद भरतो. उरलं तर आमचा. आईनं सोसायटीच्या चेअरमनला विचारलं, "अण्णा, ह्यो भेदभाव कावून?"

"भेदभाव न्हाई गं, शिस्त हाय."

"मग आठ दिस तुमच्या म्हशी हितं शिस्तीत बांधा की!"

*

शाळेत सर शिकवत होते, "जुन्या काळी काही लोकांना पाणवठ्यावर येऊ देत नसत. याला भेदभाव म्हणतात."

मी वर्गात कधी बोलत नाही. त्या दिवशी हात वर केला. "सर, जुन्या काळी म्हणजे आज सकाळी का?"

सरांनी धडाच बदलला!

*

छावणीत चहा आला. पुढच्या दावणीच्या लोकांना स्टीलचे कप, आम्हाला कागदी. चेअरमनचा पुतण्या म्हणाला, "हायजीन अस्तंय ते."

शेजारची शांतामावशी म्हणाली, "लई चांगलं! मग तुज्या आईला कावून स्टीलमदी दिला रं?"

*

शेवटी आईची तक्रार मीटिंगला आली. चेअरमन मला म्हणाले, "भेदभाव नको, गैरसमज लिही. एका शब्दानं काय बिघडतंय?"

"न्हाई ना बिघडत? मग ऱ्हाऊ द्या की!" आई म्हणाली.

मी मान खाली घालून 'भेदभाव' लिहिलं. शाईनं.

*

छावणीच्या तपासणीला तहसीलचे साहेब आले आणि त्यांनी नेमकं तेच पान उघडलं. त्या दिवशी टँकर अर्धाच आला होता. आमचा हौद कोरडा, म्हैस सकाळपासून तहानलेली.

"दोन हौद कशाला?" साहेबांनी विचारलं.

चेअरमन हसले. "आमच्यात तसलं काई न्हाई, साहेब. ज्याला जितं वाटंल तितं पाजावं."

आईनं म्हैस सोडली आणि सगळ्यांच्या मधून पुढच्या हौदावर नेली. म्हशीनं तोंड घातलं. चेअरमनच्या गड्यानं काठी उचलली, साहेबांकडं बघितलं, खाली ठेवली. मागे शांतामावशी गाईचं दावं सोडत होती.

सेक्रेटरीकाका माझ्या कानात म्हणाले, "हे नको लिहू, बाळा."

मी पेनाचं टोपण काढलं आणि... थांबा, आई हाक मारतेय. आले गं, आई! टँकर आलाय, अन् आमची म्हैस आता न सांगताच पुढच्या हौदाकडं निघालीय!