मागच्या अंगणातलं लोखंड

लंडनजवळच्या इल्फर्डमधल्या आमच्या रस्त्यावरची घरं शंभरेक वर्षांपूर्वीची, मधली सहा मात्र वेगळी. विटा फिकट, खिडक्या सपाट. त्यातलं एक आमचं. घर घेताना एजंट म्हणाला होता, "ही नंतर बांधलीत." कशानंतर, ते आम्ही विचारलंच नाही.

मागच्या कुंपणापलीकडे नव्वदीला टेकलेल्या एक इंग्रज बाई राहतात. चार वर्षांत त्या आमच्याकडे कधीच आल्या नव्हत्या.

गेल्या एप्रिलमध्ये मेथी लावायला मी अंगण खणत होते. फावडं खणकन कशावर तरी आदळलं. हातभर लांब लोखंड, फडकं पिळावं तसं पिळवटलेलं. मी ते उपसायला वाकले, तोच बाई कुंपणापलीकडून किंचाळल्या, "हात लावू नकोस! मागे हो!"

मी घाबरून पोलिसांना फोन केला. ते आले, बघून म्हणाले, "जुनं लोखंड आहे, बॉम्ब नाही."

ते गेल्यावर बाई काठी टेकत, वळसा घालून आमच्या अंगणात आल्या.

"इथे माझी मैत्रीण राहायची," त्या म्हणाल्या. "महायुद्ध चालू होतं, आम्ही आठ वर्षांच्या होतो. त्या दिवशी कोपऱ्यावर दोरीच्या उड्यांवरून भांडलो. मी तिच्या तोंडात मारली. ती मला कडकडून चावली. मी ओरडले, जा, मर घरी जाऊन! ती रडत घरी पळाली. वर जर्मनांचा उडता बॉम्ब विमानासारखा घरघरत होता. घरघर थांबली की तो खाली यायचा. आणि घरघर थांबली."

"मग?"

"मी उडून भिंतीवर आपटले. दात तुटला, तोंडात रक्त आणि विटांची धूळ. उठून पाहिलं तर सहा घरं नव्हती. रस्त्यात तिच्या आईचा हात पडला होता, बाहीसकट. माझ्या वडिलांनी नखं निघेपर्यंत हातांनी ढिगारा उपसला. तिला काढलं, तेव्हा कुणीतरी माझं तोंड आपल्या कोटात दाबून धरलं. तरी तिचा एक पाय दिसला. त्यात बूट नव्हता."

त्यांनी बाही वर केली. कोपराखाली पांढुरकी, अर्धगोल खूण होती.

"भांडणाचं कुणाला सांगितलंत?" मी विचारलं.

"आईला. तिने कानाखाली वाजवली. पुन्हा हे बोलायचं नाही, म्हणाली."

मी नुसता त्यांचा हात धरून उभी राहिले.

पुढच्या रविवारी नवऱ्याने आणि मी उरलेली माती खणली. बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. कौलांचे तुकडे निघाले, वितळलेली काच, नळाची तोटी. एकेक वस्तू त्या हातात घेत, माती पुसून निरखत आणि बादलीत टाकत. बूट अजून निघाला नव्हता.