पायलं, का वाटलं?

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर यातलं अर्धं ठाऊक होतं, फक्त ते कशाचं अर्धं आहे हे कळलं नव्हतं.

इतकी वर्षं पोटात ठेवलं, मग आता कशाला काढता, असं तुम्ही म्हणाल. खरंच, कशाला? आठवलं की अजून धक्का बसतो, म्हणून. मी खोटारडा माणूस नव्हतो हो. हा पाहिल्याशिवाय बोलत नाही, असं लोक म्हणायचे माझ्याबद्दल.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. भंडाऱ्याकडचे आम्ही बरेच जण कामाला होतो. माझ्याच गावचा सुकदेव क्रेनखाली इशारा द्यायचा — त्याचा हात वर गेला की लोखंड वर जायचं. गावात त्याची वस्ती वेगळी, माझी वेगळी. इथं मात्र एकाच शेडमध्ये राहायचो, मधे फक्त पत्रा. त्यानं नागपूरला दीक्षा घेतली होती. दारूला शिवायचं नाही अशी शपथ होती त्याची. मी मान डोलवायचो. मनात म्हणायचो — जित्याची खोड मेल्याशिवाय जाते होय? त्याला पिताना मी कधी पाहिलं होतं? कधीच नाही. तरी मला ‘माहीत’ होतं.

चैत्रातली दुपार होती. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. वर चाललेली लोखंडी प्लेट दोरातून निसटली आणि एका वेल्डरचा पाय चेचला. दोर का सुटला, ते तेव्हा मला माहीत नव्हतं, आजही नाही. मी धावत सुकदेवजवळ गेलो, तर त्याच्या अंगाला मोहाचा उग्र वास.

एवढंच. वास. त्यावर मी काय काय रचलं पाहा — वास आहे म्हणजे मोहाची दारू, दारू आहे म्हणजे झिंगला, झिंगला म्हणजे इशारा चुकला. आणि ‘ते लोक’ तर पितातच! साहेबांनी विचारलं, “तुमने देखा?”

“हां साहब, देखा. पीके आया था.”

वास आला एवढंच म्हणालो असतो तर? तेवढं तरी खरं होतं.

संध्याकाळी घरी आलो. बायको ताट वाढायला वाकली आणि थबकली. “अवो, तुमी मोहाची पेऊन आले का?”

मी? मी उखडलोच. पण तिनं मनाशी काही ठरवून टाकलं नाही. आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. मग सदरा काढायला लावला, उलटवून पाहिला आणि हसत सुटली. पाठीला मोहाची फुलं चेपून चिकटली होती. “फुलायवर लोळले वाटते तुमी!” म्हणाली, आणि सदरा भिजत घातला.

कामाजवळच्या झाडाखाली मजूर बाया मोहाची फुलं वेचून सुकायला घालायच्या. भाकर खाऊन त्या दुपारी मी तिथंच आडवा झालो होतो. आणि माझ्या बाजूला कोण होतं, सांगू? सुकदेव. मोहाच्या मुलखात जन्मलेला मी — आणि मला हे सुचू नये? पत्र्यापलीकडे त्याची बायको भांडी आवरत होती, तो आवाज ऐकत मी जेवलो. उठून साहेबांकडे गेलो नाही.

सकाळी सुकदेव गेटबाहेर उभा होता. त्याला कामावरून काढलं होतं, शेडही सोडायची होती. मला पाहून पुढं आला. आवाज चढवला नाही त्यानं.

“भाऊ, तुमी मले पेताना पायलं, का तुमाले वाटलं?”

केवढी सोपी वाट ठेवली होती त्यानं माझ्यासाठी. ‘वाटलं’ म्हणायचं होतं — एक शब्द! पण त्याच्यासमोर चुकलो म्हणायचं? त्याच्यासमोर? हे मनात आलं आणि मी स्वतःच हादरलो. हादरूनही थांबलो नाही.

“पायलं,” मी म्हणालो, आणि धुतलेल्या सदऱ्यानं आत गेलो.