कानसेनांचा काटा

आमच्या भावोजींच्या जीपच्या डॅशबोर्डवर एकच भोक शिल्लक होतं. एके काळी तिथे सिगारेट पेटवायचं लायटर होतं. ताईने लग्नानंतर सिगारेट सोडवली, लायटरही गेलं, भोक राहिलं. त्या भोकात कोणत्या मीटरचा काटा बसवायचा या प्रश्नावर भावोजींनी सलग चार रविवार घालवले आणि माझेही घालवले. लोक याहून कमी वेळात जावई निवडतात.

"दुसरं भोक पाडू की," मी पहिल्याच रविवारी म्हणालो.

"तुझ्या डोक्याला पाड," भावोजी म्हणाले. विषय संपला.

भावोजी गेली अठ्ठावीस वर्षं डोंगरावरच्या टॉवरवर माणसं पोहोचवतात. वर संदेशांचा एक उंच टॉवर आहे. त्याची देखभाल करणारे दोन तंत्रज्ञ सकाळी न्यायचे आणि संध्याकाळी आणायचे, एवढंच काम. रस्ता चौदा वळणांचा. सहाव्या वळणानंतर डांबर संपतं आणि नुसते दगड उरतात. चढताना फक्त आभाळ दिसतं आणि उतरताना फक्त दरी, त्यामुळे या माणसाने अठ्ठावीस वर्षांत रस्ता असा फारसा पाहिलेलाच नाही. आता वय अठ्ठावन्न. कमरेचा खुळखुळा झालाय. खुर्चीत बसताना ते 'आई गं' म्हणतात आणि उठताना 'अगं आई'. संध्याकाळी घरी आले की दहा मिनिटं बूट न काढता नुसते बसून राहतात. बूट काढायचे म्हणजे वाकायचं आणि वाकायचं म्हणजे पुन्हा सरळ व्हायचं. एवढा मोठा कार्यक्रम हातात घ्यावा की नाही, याचा विचार चाललेला असतो.

पण एका गोष्टीत त्यांना तोड नव्हती. कान! लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आजार सांगायचा. एकदा केस कापून घेत असताना रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवाल्याला त्यांनी खुर्चीतूनच ओरडून सांगितलं होतं, "तिसरा सिलिंडर बघ रे!" अर्धी मिशी कापलेल्या माणसाचं कोण ऐकतो? ट्रक पुढच्या चौकात बंद पडला. तेव्हापासून गॅरेजवाले त्यांना कानसेन म्हणू लागले. जीपचे मूळचे बहुतेक काटे कधीच मेले होते. वेगाचा काटा कायम चाळीसवर, पेट्रोलचा कायम आशावादी. भावोजींना त्यांची गरजच नव्हती.

मग गेल्या महिन्यात ते झालं. नवव्या वळणावर रेडिएटरचा पाइप फाटला आणि सगळं पाणी वाहून गेलं. तापमानाचा काटा मात्र गार झोपलेला, कारण तो पाण्याचं तापमान सांगतो आणि पाणीच नव्हतं. मागे दोघं तंत्रज्ञ बसले होते, एक टकलू आणि एक चष्मेवाला. चष्मेवाला म्हणाला, "काका, पुढे काहीतरी किटलीसारखं वाजतंय."

"ऐकतोय मी," भावोजी म्हणाले आणि आणखी दोन वळणं चढले. मग बॉनेटमधून वाफेचा लोट आला. तिघं पायी खाली उतरले.

इंजिन दुरुस्त झालं, पण गॅरेजवाल्याने बजावलं, "आणखी एकदा असं तापलं तर इंजिन गेलंच समजा. आणि कानसेन, तुम्हाला ऐकू कसं नाही आलं?"

"आलं होतं. म्हटलं, वरपर्यंत जाईल."

टॉवरच्या साहेबांनीही सांगून टाकलं: पुन्हा माणसं रस्त्यात अडकली, तर दुसरी गाडी आणि दुसरा ड्रायव्हर. म्हणून तो काटा. डोंगरावर जायचं की घरी बसायचं, हे सगळं त्या एका भोकावर आलं होतं.

गाडीचं सामान विकणाऱ्याला सगळे मीटरशेठ म्हणतात. त्याच्या काचेच्या कपाटात इतके काटे आहेत की आत डोकावलं की आपलाच रक्तदाब वाढतो. पहिल्या रविवारी तो म्हणाला, "तुमचं दुखणं मला कळलं. हा घ्या. पाण्याचं नाही, थेट इंजिनाच्या लोखंडाचं तापमान सांगतो. पाणी असो, नसो, याला फसवता येत नाही. आणि मर्यादा ओलांडली की अशी शिट्टी मारतो, की मेलेला उठून बसेल."

"शिट्टी नको," भावोजी म्हणाले.

"अहो, शिट्टी हीच तर गंमत आहे त्याची!"

"डोकं उठतं. दुसरं दाखवा."

मग ऑइलच्या दाबाचा काटा पाहिला. छान होता, पण अक्षरं निळी होती. दुसऱ्या रविवारी बॅटरीचा. तो म्हणे फार थरथरतो, त्याच्याकडे बघून माणूस घाबरेल. तिसऱ्या रविवारी गाडी किती कलली आहे ते दाखवणारा काटा निघाला. आत छोटीशी जीप, ती डावी-उजवीकडे झुकते. भावोजी त्याच्यावर भाळले. घरी येऊन ताईला वर्णन करून सांगितलं.

"गाडी कलली हे सांगायला यंत्र कशाला?" ताई स्वयंपाकघरातून ओरडली. "मला शेजारी बसवा, मी फुकट किंचाळेन!"

"काय म्हणाली?" भावोजींनी मला विचारलं.

"छान आहे म्हणाली," मी सांगितलं. घरात शांतता राहावी म्हणून माणूस काय काय भाषांतरं करतो.

दर रविवारी मीटरशेठ तो शिट्टीवाला पुढे करायचा आणि दर रविवारी भावोजी तो मागे सारायचे. मी आपला स्टुलावर बसून जांभया देत होतो. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. अठ्ठावीस वर्षं कानावर गाडी चालवलेल्या माणसाला, कानामागून येऊन तिखट झालेला हा काटा कसा आवडेल?

चौथ्या रविवारी मीटरशेठने थर्मासमधलं गरम पाणी पेल्यात ओतलं. "आज तुम्हाला ऐकवतोच," असं पुटपुटत त्याने काट्याची तार पेल्यात सोडली. भावोजी पाठमोरे होते. तो कलणारा काटा हातात धरून मला समजावत होते, "हे बघ, दहाव्या वळणावर गाडी साधारण इतकी कलते..."

आणि शिट्टी वाजली. काय सांगू! दाढेत सुई घुसावी तशी. मीटरशेठने स्वतःच कानांवर हात ठेवले. दारात उभं असलेलं गिऱ्हाईक मागे सरलं. कपाटाखालची मांजर रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मीही कानांत बोटं घातली.

"...आणि अकराव्यावर त्याच्या उलट," भावोजी शांतपणे सांगत होते. "तिथे दगड आहे ना मोठा, तो..."

ते थांबले. माझी बोटं पाहिली. वळून मीटरशेठकडे पाहिलं, दारातल्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. मीटरशेठने घाईघाईने तार पाण्यातून काढली.

"केव्हापासून वाजत होती?" भावोजींनी विचारलं.

"आत्ताच," मी म्हणालो.

त्यांनी तो कलणारा काटा हळूच कपाटावर ठेवला. आतली छोटी जीप जरा डुलली आणि सरळ झाली. "हाच द्या," ते शिट्टीवाल्याकडे बोट दाखवून म्हणाले. "याला दिवा असतो का? लाल?"

"जोडून देतो, काका," मीटरशेठ म्हणाला. चार रविवारांत तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला होता.

घरी येऊन भावोजी खुर्चीत बसले. आई गं. ताई पाणी घेऊन आली. त्यांनी तिला पुड्यातला काटा दाखवला आणि म्हणाले, "शिट्टी मारतो. मला ऐकू येत नाही."

"बारीक आवाज येत नाहीत तुम्हाला," ताई म्हणाली. "दोन वर्षं झाली. कुकरची शिट्टी येत नाही, दारावरची बेल येत नाही. मी काय हौसेने ओरडते? आपल्याकडे आज काय भाजी आणि कोण कोणावर रुसलंय, सगळ्या जिन्याला पाठ आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की! तुम्हाला ऐकू नाही आलं."

तिघंही हसलो. मग ताई तिथेच पाटावर बसली आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली. ते वाकायला गेले तर तिने हात बाजूला केला. "गुरुवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचंय," ती मोठ्याने म्हणाली. हे मात्र त्यांना अजून ऐकू आलेलं नाही.

सोमवारी पहाटेच ते काटा बसवत होते. भोकात तो असा बसला, जणू भोक इतकी वर्षं त्याचीच वाट पाहत होतं. शिट्टीचा डबा मात्र त्यांनी लांब तार घेऊन मागच्या सीटखाली लावला. टकलू आणि चष्मेवाला आले तेव्हा भावोजी जीपला टेकून म्हणाले, "हे बघा, मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. मागच्या वेळी मी खोटं बोललो. दिवा आहे, पण नवव्या वळणावर माझी नजर दगडांवर असणार. शिट्टी वाजली की ओरडू नका, खांद्यावर हात ठेवा. मी थांबेन."

टकलूने चष्मेवाल्याकडे पाहिलं. "आणि साहेबांना?"

"साहेबांना मी सांगतो. आज वरूनच फोन लावतो. त्यांनी नाही म्हटलं तर नाही."

परीक्षा म्हणून त्यांनी मर्यादा मुद्दाम कमी ठेवली होती. मी शेजारी बसलो होतो. नवव्या वळणाच्या चढावर सीटखालून ती दाढेतली सुई सुरू झाली. भावोजी दगड चुकवण्यात गुंतले होते. चष्मेवाल्याने पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. जीप तिथल्या तिथे थांबली. चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं. भावोजींनी खिशातून तो जुना लांब स्क्रूड्रायव्हर काढला, टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले.

"जाडे आवाज सगळे येतात अजून," ते म्हणाले. "इंजिन ठीक आहे."

मग इंजिन बंद करून ते एका दगडावर बसले. बसताना 'अगं आई' म्हणाले, क्रम चुकला. इंजिन थंड व्हायला वेळ होता. शिट्टी सीटखाली कोकलत राहिली आणि आम्ही तिघं कानांवर हात ठेवून उभे होतो.

"वाजतेय अजून?" भावोजींनी विचारलं.

"वाजतेय!"

"थांबली की सांगा," ते बुटांकडे बघत म्हणाले. "मला काय, इथे फार शांत आहे."