शंभरने आणलेली गाडी

“काटा शंभरवर हाय, अण्णा. भरून काढतो!” असं म्हणत मीटरच्या काचेवर टिचकी मारायची त्याची सवय होती. तिसगावात भाड्याची जीप चालवणारा हा आमचा शेजारी. असा एखादा तुमच्याही गावात असेल.

माणूस वाईट नव्हता. म्हाताऱ्यांच्या पिशव्या उंबऱ्यापर्यंत नेऊन द्यायचा. पण गिऱ्हाईक आणणाऱ्या ड्रायव्हरला हॉटेलवाले फुकट जेवू घालतात आणि याला एकही हॉटेल चुकवणं जमत नसे.

माझी धाकटी बहीण राजूरला दिलेली. ती गेल्याचा फोन दुपारी आला. सवाष्णीला अखेरची साडी माहेरची लागते. “दिवस मावळेपर्यंत थांबतो,” मेहुणे म्हणाले. हिरवी साडी मांडीवर घेऊन मी याच्या जीपमध्ये बसलो. अंतर एकशे सत्तर किलोमीटर. न थांबता साठने गेलो असतो तरी तीन तासांच्या आत पोचलो असतो.

नगरला चहा झाला. राहुरीजवळ याने ताट मागवलं.

“अरे, तिकडं मयत ठेवलंय!”

“उपाशीपोटी गाडी चालत न्हाई, अण्णा. भरून काढतो.”

संगमनेरला पुन्हा चहा, पान, ओळखीच्यांशी गप्पा. पाव तासाचा एक चहा भरून काढायला ऐंशीऐवजी शंभरने तब्बल शंभर किलोमीटर पळावं लागतं. तेवढा मोकळा रस्ता होता कुठे?

साडेचार तास लागले. चिता पेटली होती. मेहुणे म्हणाले, “लई वाट पाह्यली. मग दुकानातली नेसवली.”

हा डोळे पुसत माझ्या शेजारी उभा होता. “शंभरनं आणली हो गाडी,” म्हणाला. त्याला ते खरंच वाटत होतं. माझा राग त्यामुळेच कधी निवला नाही.

पुढे गावात कुणी त्याची जीप ठरवू लागलं की मी सांगे, “काटा शंभरचा, पोचायचा वेग अडतीस.” एकशे सत्तरला साडेचारने भागून कुणीही पाहावं. लोक त्याला ‘अडतीस’ म्हणू लागले. आधी दवाखान्याची भाडी गेली, मग लग्नाची.

एकदा तो दारात आला. “अण्णा, किती सूड घ्याल? लेकरं हायेत मला.”

“मी खोटं सांगतो का?”

“न्हाई.”

“मग सांगणार.”

त्याने जीप विकली.

गेल्या उन्हाळ्यात करंजी घाटाच्या खाली तो बायकोसोबत एसटीची वाट पाहत दिसला. माझ्या गाडीची मागची सीट रिकामी होती. त्याने हात केला.

“थांबा की हो,” आमची ही म्हणाली.

मी थांबलो नाही. वळण येईपर्यंत आरशात त्याचा हात वरच होता.